रुग्णसेवेतील अदृश्य थर आणि जयणा

त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत उगम पावणारी वैतरणा पालघर जिल्हा ओलांडून अरबी समुद्राला मिळते. तिच्या पात्रात उतरणाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही : पाण्यातल्या दगडावर पाऊल जपून ठेवावे. दगड मूळचा गुळगुळीत नसतो; त्यावर बुळबुळीत थर साचलेला असतो. तो थर म्हणजे केवळ चिखल वा शेवाळ नव्हे. असंख्य जीवाणू दगडाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट द्रव्य स्रवतात आणि त्या आवरणाखाली वसाहत करून राहतात. विज्ञान या वसाहतीला बायोफिल्म म्हणते. मराठीत तिच्यासाठी जैवपटल हा शब्द रूढ होत आहे. दातांवर रोज सकाळी जाणवणारा थर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीला हाताला लागणारा बुळबुळीतपणा आणि मोरीच्या नळीतील घाण ही सर्व याच कुळातील मंडळी होत. डच कापडव्यापारी लेवेनहूक याने स्वतःच्या दातांवरील थर खरवडून आपल्या भिंगाखाली पाहिला आणि १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याविषयी कळविले. तेव्हापासून मनुष्याला या वसाहतीची तोंडओळख आहे.

ओल्या जागी जीवाणूंचे असे थर साचतात हे सर्वमान्य होते. मात्र रुग्णालयातील खाटेचा कठडा, औषधांची ट्रॉली, पडद्याची दोरी, संगणकाचा कळफलक अशा कोरड्या ठणठणीत वस्तूंवरही ते असू शकतात, ही जाणीव अगदी अलीकडची आहे. ती रुग्णालयांपुरती मर्यादित नाही. ज्या संघात रुग्णसाहित्य केंद्र चालते, ज्या घरात वृद्ध आईवडिलांसाठी रुग्णखाट आणलेली आहे, तेथेही तिचा संबंध पोहोचतो.

स्वच्छ केलेल्या खोलीत काय सापडले

२०१२ साली ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाच्या प्राध्यापिका कॅरन व्हिकरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण चतुर प्रयोग प्रसिद्ध केला. एका अतिदक्षता विभागाची संपूर्ण अंतिम स्वच्छता झाल्यावर त्यांनी तेथील वस्तूंचे तुकडे कापून प्रयोगशाळेत नेले. नेहमीची पद्धत ओला बोळा फिरवून नमुना घेण्याची. पण घट्ट चिकटलेला थर बोळ्याला येत नाही, म्हणून त्यांनी वस्तूच कापली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निर्जंतुक साहित्य ठेवण्याची बादली, प्लास्टिकचे दार, खिडकीच्या पट्ट्यांची दोरी आणि बेसिनचे रबर यांवर जीवाणूंचे थर दिसले. दोरी आणि पडदा यांच्या नमुन्यांतून तर अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जिवंत वाढला. खोली डोळ्यांना स्वच्छ होती, नियमाप्रमाणे जंतुनाशकही वापरले गेले होते.

पुढे २०१८ साली ब्रिटनमधील कार्डिफच्या संशोधकांनी तीन रुग्णालयांतून ६१ वस्तू गोळा केल्या. त्यांपैकी ९५ टक्के वस्तूंवर कोरडा जैवपटल आढळला. रुग्णांच्या नोंदींची धारिका, कळफलक, हात धुण्याच्या द्रवाची बाटली अशा, रोज अनेकांचे हात लागणाऱ्या आणि क्वचितच घासल्या जाणाऱ्या वस्तू यांत होत्या.

जीवाणू कोरड्या जागी किती काळ टिकतात, याचा आढावा जर्मन शास्त्रज्ञांनी २००६ साली घेतला होता. स्टॅफिलोकोकस ७ दिवसांपासून ७ महिन्यांपर्यंत, ॲसिनेटोबॅक्टर ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत आणि क्लेब्सिएला काही तासांपासून ३० महिन्यांहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतो, असे त्यात दिसून आले. एकटा, उघडा पडलेला जीव इतके दिवस कसा तग धरतो, हे कोडे होते. वसाहत आणि तिचे आवरण हे त्या कोड्याचे एक उत्तर आहे. ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला ही नावे वाचकाला नवी वाटतील. परंतु भारतातील अतिदक्षता विभागांतील डॉक्टरांना ती रोज ऐकावी लागतात. त्यांच्यावर चालणारी प्रतिजैविके एकामागून एक निकामी होत आहेत, आणि उरलेली औषधे महाग आहेत.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की अमुक रुग्णाला झालेला संसर्ग अमुक कठड्यावरील थरातूनच आला, असे दाखवणे फार अवघड असते. मात्र ज्या खोलीत आधी संसर्ग असलेला रुग्ण होता, त्या खोलीत नंतर आलेल्या रुग्णाला तोच जंतू लागण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. या कोरड्या थरातील जीवाणू हाताला आणि हातमोज्यालाही लागतात, आणि एका स्पर्शानंतर पुढच्या अनेक वस्तूंपर्यंत पोहोचतात, हेही प्रयोगाने सिद्ध झाले आहे. हातमोजा घालणाऱ्याचे रक्षण करतो. पुढच्या रुग्णाचे नाही.

जंतुनाशक येथे का हरते

आपल्याकडे स्वच्छतेचा अर्थ बहुतेक वेळा ‘औषध मारणे’ असा घेतला जातो. फिनाइलचा उग्र वास आला की मनाचे समाधान होते. पण थराखाली बसलेल्या जीवाणूपुढे हे समाधान फसवे ठरते, आणि त्याची कारणे समजण्यासारखी आहेत.

पहिले कारण आवरणाचे. शर्करा, प्रथिने आणि जीवाणूंच्याच जनुकद्रव्याचे धागे यांनी बनलेला हा लेप वरून येणारे औषध आतपर्यंत सहज पोहोचू देत नाही. क्लोरीनसारखे औषध तर वाटेतल्या सेंद्रिय घाणीशीच झगडून संपते. घरातील ब्लीचचे पाणी रक्तावर किंवा पसरलेल्या अन्नावर ओतले की त्याचा जोर तेथेच खर्ची पडतो, तसेच हे. दुसरे कारण सुस्तीचे. कोरड्या थरातील जीवाणू जवळजवळ झोपेत असतात, वाढत नाहीत. आणि प्रतिजैविके व काही जंतुनाशके मुख्यतः वाढणाऱ्या जीवावर परिणाम करतात. तिसरे कारण वेळेचे. प्रत्येक जंतुनाशकाच्या बाटलीवर पृष्ठभाग किती मिनिटे ओला राहिला पाहिजे ते छापलेले असते. पंख्याखाली किंवा वातानुकूलित खोलीत पुसलेली जागा त्याआधीच वाळते, आणि काम अर्धवट राहते.

प्रयोगशाळेत तयार केलेल्या स्टॅफिलोकोकसच्या कोरड्या थरावर नेहमीच्या वापरापेक्षा कितीतरी तीव्र सोडियम हायपोक्लोराइट टाकूनही काही जीवाणू वाचले आणि पुढे पुन्हा वाढले, असे ऑस्ट्रेलियातील त्याच गटाने दाखवून दिले. कोरड्या उष्णतेलाही हा थर ओल्या थरापेक्षा अधिक दाद देत नाही. अतिनील किरणांचे दिवे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ ही नवी साधने मोठ्या रुग्णालयांत आली आहेत. पण किरण सावलीत पोहोचत नाहीत आणि वाफेलाही आधी स्वच्छ झालेला पृष्ठभाग लागतो. पेरॅसेटिक ॲसिड आणि साबणी द्रव्य यांच्या एकत्रित मिश्रणांचे निकाल तुलनेने बरे आहेत. तरीही सर्व संशोधनाचा सूर एकच आहे : आधी घासून थर सुटा करावा, मग औषध लावावे. तव्यावर जळून बसलेले पूट नुसते साबणाचे पाणी ओतून निघत नाही. तेथे हाताचा जोर लागतो. रुग्णालयाच्या कठड्याचेही तसेच आहे.

मुंबईचा एक जुना धडा

शत्रू कोठे राहतो हे न कळता औषध फवारण्याचा अनुभव या किनारपट्टीला नवा नाही. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रुग्ण ओळखला. धान्याच्या वखारींचा तो परिसर. त्यात जैन व्यापाऱ्यांच्या पेढ्याही होत्या. नगरपालिकेने गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडले, घरांना चुन्याची सफेदी केली, सामान जाळले. श्रम प्रचंड होते, हेतू प्रामाणिक होता. पण साथ हटली नाही. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्लेग उंदरांवरील पिसवांतून पसरतो असे दाखविले, आणि पुढील दशकात मुंबईतील संशोधनानेही त्याला दुजोरा दिला. तोवर कार्बोलिकचा मोठा भाग चुकीच्या जागी ओतला गेला होता.

२०२० च्या उन्हाळ्यात हेच चित्र पुन्हा दिसले. रस्ते, इमारतींच्या भिंती, एवढेच नव्हे तर माणसांच्या अंगावरही जंतुनाशकाचे फवारे मारले गेले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला माणसांवर फवारणी करू नये, अशी सूचना त्या एप्रिलमध्ये काढावी लागली. फवारा दिसतो, छायाचित्रात येतो. कठडा घासणारा हात छायाचित्रात येत नाही.

पुसणे ही विद्या आहे

पुसण्याचे शास्त्र आज जगभर बरेच एकसारखे झाले आहे. भारत सरकारच्या जानेवारी २०२० च्या संसर्ग प्रतिबंध मार्गदर्शिकेचा रोख तोच आहे. स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे जावे. वरून खाली यावे. रुग्णाजवळच्या, वारंवार हात लागणाऱ्या जागा कधीही चुकवू नयेत. कोरडा झाडू फिरवून धूळ उडवू नये. एकदा वापरलेले फडके पुन्हा स्वच्छ द्रावणाच्या बादलीत बुडवू नये. ब्रिटनमध्ये हेच सूत्र ‘एक फडके, एक पृष्ठभाग, एक दिशा’ असे सांगितले जाते. कारण गोल गोल फिरवलेले फडके घाण उचलत नाही, ती पसरवते.

मंदिरात पूजा करणाऱ्या श्रावकाला यात काहीच परके वाटणार नाही. मूर्तिपूजक परंपरेत प्रक्षालानंतर प्रभुप्रतिमा तीन वेगवेगळ्या अंगलुछण्यांनी क्रमाने कोरडी केली जाते. वाळाकुंचीने हळुवारपणे खाचा स्वच्छ करतात, आणि सांध्यांत थेंबभर पाणीही राहू नये याची दक्षता घेतात. खाली सांडलेले पाणी टिपण्याचे पाटलुछणे निराळे असते. ते चुकूनही प्रतिमेला लावत नाहीत, अंगलुछण्याबरोबर धूतही नाहीत. रुग्णालयांत निरनिराळ्या जागांसाठी निरनिराळ्या रंगांची फडकी ठेवण्याची पद्धत आज नव्याने शिकवली जाते : शौचालयाचे फडके खाटेला लागू नये, खाटेचे फडके स्वयंपाकघरात जाऊ नये. जी शिस्त देरासरात लहान मुलेही पाहून शिकतात, ती रुग्णाच्या खाटेपाशी नेणे अशक्य नाही.

साधूसाध्वींचे पडिलेहणही येथे आठवते. वस्त्र, पात्र, पाट यांचे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने, डोळ्यांनी पाहून केलेले निरीक्षण म्हणजे पडिलेहण. त्याचा हेतू जीवरक्षणाचा असतो, जंतुसंहाराचा नव्हे. दोहोंची गल्लत करू नये. परंतु ‘वस्तू वापरण्यापूर्वी आणि वापरल्यानंतर ती नीट पाहावी, क्रम चुकवू नये, घाई करू नये’ ही वृत्ती दोन्हीकडे समान आहे.

बोईसरच्या कारखान्यांत जे रोज घडते

तारापूर-बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत अनेक औषधनिर्मिती कंपन्या आहेत. तेथे काम करणाऱ्या हजारो कामगारांना एक चिठ्ठी परिचित आहे. औषध तयार करणारे पात्र रिकामे झाले की ते ठरलेल्या लेखी पद्धतीने धुतले जाते, तपासले जाते आणि त्यावर ‘स्वच्छ’ अशी चिठ्ठी लागते. त्यावर कोणी धुतले, केव्हा धुतले, कोणी तपासले, ते किती मुदतीत वापरावे, हे सर्व लिहिलेले असते. चिठ्ठी नसेल तर पात्र कितीही चकाकत असले तरी ते अस्वच्छच मानले जाते. औषध कायद्यातील ‘परिशिष्ट एम’ प्रमाणे ही शिस्त बंधनकारक आहे.

त्याच वसाहतीपलीकडे, समुद्रकाठी, १९६९ पासून देशाचे पहिले अणुवीज केंद्र चालते. समुद्राच्या पाण्याने यंत्रे थंड ठेवणाऱ्या अशा केंद्रांत नळांच्या भिंतींवर आधी जीवाणूंचा पातळ थर बसतो, मग त्यावर शंखशिंपले वस्ती करतात आणि प्रवाह अडतो. म्हणून पाण्यात क्लोरीन सोडणे, नळ आतून घासणे ही कामे अभियंते वेळापत्रकाप्रमाणे करतात. थर जुना होऊ द्यायचा नाही, हे त्यांचे तत्त्व आहे.

एकाच परिसरात, गोळी बनवणारे पात्र चिठ्ठीशिवाय वापरले जात नाही, आणि ती गोळी घेणारा रुग्ण ज्या चाकाच्या खुर्चीत बसतो ती शेवटची केव्हा धुतली गेली याची नोंद मात्र कोठेच सापडत नाही, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे. ज्ञान दूर नाही. कित्येक घरांत ते रोज संध्याकाळी पाळीवरून परत येते.

हिशेबाची बाजू

सफाई हा खर्च आहे की गुंतवणूक, याचे उत्तर आकड्यांनी देता येते. स्कॉटलंडमधील डॉ. स्टेफनी डान्सर यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका रुग्णालयाच्या दोन कक्षांना आळीपाळीने एकच जादा सफाई कर्मचारी दिला. तिचे काम फक्त हात लागणाऱ्या जागा आणि रुग्णोपयोगी वस्तू पुसण्याचे. त्या जागांवरील जीवाणूंचे प्रमाण ३२.५ टक्क्यांनी आणि औषधाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसचे नवे संसर्ग २६.६ टक्क्यांनी घटले. रुग्णालयाची अंदाजे ३० ते ७० हजार पौंडांची बचत झाली. एका व्यक्तीचे काम, तेही साबण आणि पाण्याने!

त्याहून अलीकडचा, २०२४ साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातील अभ्यास तर थेट सामायिक उपकरणांविषयी आहे. एका रुग्णालयाच्या १० कक्षांत, सोमवार ते शुक्रवार रोज ३ तास अधिक देऊन फक्त अनेक रुग्णांत फिरणारी उपकरणे स्वच्छ केली गेली. रुग्णालयात होणाऱ्या संसर्गांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने खाली आले. उपकरणे तीच होती, औषधे तीच होती. बदलला तो त्यांना मिळालेला वेळ आणि ती जबाबदारी कोणाची हे ठरणे.

आपल्या समाजात दानाची उणीव नाही. डायलिसिसचे यंत्र, रुग्णवाहिका, नवा कक्ष यांसाठी उदारहस्ते रक्कम मिळते आणि भिंतीवर नावाची पाटी लागते. हिशेबाच्या भाषेत हा भांडवली खर्च. परंतु त्या यंत्राची रोजची सफाई, फडकी, साबण, कर्मचाऱ्याचे वेतन हा महसुली खर्च असतो आणि त्याला पाटी नसते. यंत्राची झीज ताळेबंदात घसारा म्हणून दिसते. अस्वच्छतेची झीज रुग्णाच्या देहावर दिसते आणि कोणत्याही ताळेबंदात येत नाही.

यावर उपाय विश्वस्तांच्या परिचयाचाच आहे. समजा, एखाद्या दात्याने केवळ स्वच्छतेसाठी १० लाख रुपयांचा कायम निधी ठेवला आणि त्यावर ७ टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला ७० हजार, म्हणजे महिन्याला सुमारे ५,८०० रुपये हाती येतात. एका लहान केंद्रात रोज काही तास काम करणाऱ्या व्यक्तीचे मानधन किंवा वर्षभराचे साहित्य यांतून भागू शकते. मुद्दल कायम राहते. उपकरणासाठी देणगी स्वीकारतानाच तिचा ठराविक हिस्सा देखभाल आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवण्याचा ठरावही करता येईल.

रुग्णसाहित्य केंद्रे : खरी जोखीम, सोपा उपाय

पालघर जिल्ह्यातील गंभीर रुग्णाला आजही अनेकदा मुंबई, वापी किंवा सिल्व्हासा गाठावे लागते. वैतरणेच्या पात्रातील वाढीव-वैतीपाड्यासारख्या वस्तीतील लोकांना तर वर्षानुवर्षे होडी किंवा रेल्वेचा पूल हाच आधार राहिला आहे. एवढी यातायात करून बरा झालेला रुग्ण घरी येतो तेव्हा त्याला खाट, वॉकर, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, ऑक्सिजन यंत्र लागते. ते विकत घेणे प्रत्येकाला शक्य नसते. अशा वेळी अल्प अनामत घेऊन साहित्य देणारी केंद्रे मोठा आधार ठरतात. जात-धर्म न पाहता चालणारे हे काम खऱ्या अर्थाने वैयावच्च आहे.

मात्र येथेच सावधगिरी हवी. साहित्य परत आले की ते पुसून कोपऱ्यात ठेवले जाते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी जाते. आधीचा रुग्ण कोणत्या आजाराने अंथरुणाला खिळला होता, हे पुढच्या घराला ठाऊक नसते. जून ते सप्टेंबर किनारपट्टीची दमट हवा या वस्तूंना आलटून पालटून ओले-कोरडे करते, आणि प्रयोगशाळेत कोरडा जैवपटल मुद्दाम वाढवायचा असेल तर शास्त्रज्ञ नेमके हेच करतात.

केंद्र चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना पुढील क्रम पाळता येईल.

१. परत आलेले साहित्य ठेवण्याची जागा आणि देण्यास तयार साहित्याची जागा वेगळी असावी. दोन्ही एकाच खोलीत असतील तर मध्ये जाड पट्टी आखून घ्यावी.

२. सुटे होणारे भाग सुटे करावेत. कोमट पाणी आणि साधा डिटर्जंट यांनी, ब्रश वापरून, सांधे, मुठी, ब्रेक, चाके घासावीत. मूठ आणि कठडे यांना सर्वांत अधिक वेळ द्यावा.

३. स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. साबणाचा अंश आणि ओल राहिली तर पुढचे औषध नीट काम करत नाही.

४. त्यानंतरच जंतुनाशक लावावे. बाजारातील ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचा १ भाग आणि पाण्याचे ४९ भाग घेतले की ०.१ टक्क्याचे द्रावण होते. रक्त सांडलेल्या जागी १ भागास ४ भाग पाणी घेऊन १ टक्क्याचे द्रावण वापरतात. द्रावण रोज ताजे करावे. बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहू द्यावा. धातूवर गंज चढू नये म्हणून नंतर पाण्याने पुसून कोरडे करावे.

५. हायपोक्लोराइट कधीही ॲसिड, फिनाइल किंवा अन्य सफाई द्रव्यात मिसळू नये. ॲसिडशी संयोग होताच विषारी क्लोरीन वायू निघतो. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

६. फाटलेले रेक्झिन, भेगा पडलेली गादी, उघडा पडलेला स्पंज दुरुस्त करावा किंवा बाद करावा. भेगेतील थर कोणत्याही फडक्याला सापडत नाही.

७. नेब्युलायझरचा मास्क, ऑक्सिजनची नाकातील नळी, सक्शनच्या नळ्या एका रुग्णाच्या दुसऱ्याला देऊ नयेत. त्या प्रत्येकाने नव्या घ्याव्यात.

८. तयार साहित्य झाकून ठेवावे आणि त्यावर कारखान्यासारखी चिठ्ठी बांधावी : धुतल्याची तारीख, धुणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे नाव. तीच नोंद वहीत करावी.

तपासणीचीही सोपी युक्ती आहे. अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या जेलचा ठिपका हात लागणाऱ्या जागी आधीच लावून ठेवायचा आणि सफाईनंतर लहान विजेरीने पाहायचे. ठिपका उरला असेल तर फडके तेथे पोहोचले नव्हते. परदेशांत रुग्णालये हीच पद्धत वापरतात. हेतू कर्मचाऱ्याला पकडण्याचा नसावा. सफाईला किती वेळ मिळतो, फडकी पुरेशी आहेत का, शिकवले कोणी, हे प्रश्न आधी व्यवस्थापनाला विचारले पाहिजेत.

अहिंसेचा प्रश्न

सूक्ष्म जीवांचा विचार करणाऱ्या वाचकाच्या मनात येथे एक शंका उभी राहणे स्वाभाविक आहे. पाणी गाळून पिणारा, पावलापुढची भूमी पाहून चालणारा समाज जीवाणूंच्या नाशाची चर्चा कोणत्या भावाने करतो?

सूक्ष्मजीवशास्त्राच्या संज्ञा आणि आगमांतील जीवविचार यांची ओढूनताणून सांगड घालणे योग्य नव्हे. त्याचा निर्णय ज्ञानी गुरुभगवंतांनी द्यावा. तथापि आचारातील एक सूत्र स्पष्ट आहे. मानवी देहातून बाहेर पडणाऱ्या मळ, मूत्र, कफ, रक्त आदींत अंतर्मुहूर्तात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, म्हणून ते साचू देऊ नयेत, ओल राहू देऊ नये, अशी शिकवण परंपरेने दिली आहे. भांडी उष्टी ठेवू नयेत, माठ कोरडा करून ठेवावा, शिळे अन्न टाळावे, या घरोघरच्या नियमांमागेही उत्पत्तीच होऊ न देण्याचा विचार आहे. उत्पत्ती रोखणे म्हणजे पुढची हिंसा टाळणे होय.

रुग्णसेवेतही क्रम तोच आहे. रोज वेळच्या वेळी पुसलेल्या कठड्याला तीव्र रसायन लागत नाही. थर जुना झाला की रसायनाची मात्रा वाढते. संसर्ग झाला की प्रतिजैविकांचा मारा करावा लागतो. तोही निष्फळ ठरला तर पंचेंद्रिय मनुष्याचा जीव जातो. आळसाने साचू देणे आणि मग कठोर उपायाने संहार करणे, यापेक्षा जागरूक राहून साचू न देणे, ही जयणा आहे. गृहस्थधर्मात अनिवार्य हिंसा शक्य तेवढी अल्प करण्याचाच विवेक सांगितला आहे.

सफाई करणाऱ्याचे स्थान

केंद्र सरकारने मे २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘कायाकल्प’ योजनेत सरकारी रुग्णालयांची स्वच्छता, संसर्ग नियंत्रण आणि कचरा व्यवस्थापन यांना गुण दिले जातात. ७० टक्क्यांहून अधिक गुण मिळवणाऱ्या संस्थांचा गौरव होतो. या योजनेमुळे सफाई हा विषय प्रथमच प्रशासनाच्या मुख्य बैठकीत आला. धर्मादाय रुग्णालये आणि संघांची केंद्रे यांनी स्वतःसाठी अशीच गुणपत्रिका तयार करावी आणि वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर ती मांडावी.

त्यासाठी सफाई करणाऱ्या व्यक्तीकडे पाहण्याची दृष्टी बदलली पाहिजे. डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कर्मचारी यांपैकी रुग्णाच्या खाटेच्या चारही बाजूंना रोज हात लावणारी व्यक्ती तिसरीच असते. तिला प्रशिक्षण, हातमोजे, पुरेशी फडकी, बसायला जागा आणि नियमित वेतन मिळाले, तर अनेक महागड्या औषधांचे काम ती आधीच करून ठेवते. चातुर्मासात संघांत अनेक प्रकारच्या अनुमोदना होतात, तपस्व्यांचे बहुमान होतात. वैयावच्च हेही अभ्यंतर तपच आहे; त्या बहुमानाच्या यादीत एखादे नाव रुग्णालयाच्या सफाई कर्मचाऱ्याचेही असावे.

येत्या पर्युषणापूर्वी प्रत्येक संघाने आपल्या केंद्रातील साहित्य एकदा बाहेर काढावे. किती वस्तू आहेत, कोणत्या फाटल्या आहेत, शेवटच्या केव्हा धुतल्या, एवढी यादी दोन कार्यकर्ते एका दुपारी करू शकतील. ब्रश, डिटर्जंट, दोन रंगांची फडकी, एक वही आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा एवढ्यावर काम सुरू होते. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतील एखादा अनुभवी साधर्मिक कामगार पहिल्या दिवशी शिकवायला बोलवावा. पात्र कसे धुवावे आणि चिठ्ठी कशी लिहावी, हे त्याला पुस्तकात पाहावे लागणार नाही.